पॅरा एशियाडची १११ पदकं नीट वाचायची कशी?

२०२३ च्या ऑक्टोबरात चीनमधल्या हांगझोऊला एशियन पॅरा गेम्स झाले आणि भारतानं १११ पदकं आणली. २९ सुवर्ण, ३१ रौप्य, ५१ कांस्य. आता २०२६ च्या ऑक्टोबरात, १८ ते २४ तारखेला, जपानमध्ये आयची-नागोयाला पुढचे गेम्स आहेत, त्यामुळे तो १११ चा आकडा परत मोबाईलवर फिरायला लागलाय आणि "या वेळी किती येणार" हे सुरू झालंय. आमच्या ग्वाल्हेरात ही चर्चा जरा जास्तच, कारण हांगझोऊला पदकांच्या पहिल्याच दिवशी रौप्य आणि दुसऱ्या दिवशी सुवर्ण घेणारी प्राची यादव आपल्या गावची. गावातल्या लष्कर भागापासून मुरारपर्यंत सगळ्यांना तिचं नाव माहितीये. पण ती नेमकी कुठल्या प्रकारात जिंकली असं विचारलं तर लोक म्हणतात, "नावेचं काहीतरी होतं, के एल टू का असं." बस, तिथेच गाडी अडते.

आणि मग प्रश्न येतात. एकाच उंच उडीत तीनही खेळाडू भारताचे कसे? शंभर मीटरच्या इतक्या फायनल कशा काय? कोरियाची पदकं आपल्यापेक्षा कमी, तरी ते वर कसे? कुणाला हात नाही, कुणाला दिसत नाही, मग यांच्यात पहिला-दुसरा ठरवणार तरी कसा? हे सगळे प्रश्न अगदी रास्त आहेत आणि बहुतेकांचं उत्तर एकाच गोष्टीत आहे, ती म्हणजे वर्गवारी. ती एकदा कळली की पदकतालिका वाचायला मजा येते, आणि आपण खरंच किती पुढे गेलोय आणि कुठे मागे आहोत तेही दिसतं.

आधी हे पॅरा गेम्स आहेत काय

दर चार वर्षांनी एशियाड होतं ना, ते संपलं की काही दिवसांनी, आता बहुतेक वेळा त्याच शहरात, दिव्यांग खेळाडूंसाठी आशिया खंडाची ही वेगळी स्पर्धा होते. तिची मुळं १९७५ मधली, जपानच्या ओइता शहरात फेस्पिक गेम्स नावानं सुरू झालेली. २००६ ला क्वालालंपूरला त्या नावाची शेवटची स्पर्धा झाली आणि २०१० पासून, ग्वांगझोऊपासून, एशियन पॅरा गेम्स हे नाव आलं. हांगझोऊचे गेम्स खरे २०२२ चे, कोरोनामुळे वर्षभर पुढे गेले, म्हणून काही ठिकाणी २०२२ लिहिलेलं दिसेल, गोंधळू नका, स्पर्धा एकच आहे.

पॅरालिम्पिक ही जगाची आणि ही आशियाची. पण खेळ तंतोतंत तेच नसतात. बुद्धिबळ पॅरालिम्पिकमध्ये नाही, इथे मात्र होतं, आणि त्यात आपल्याला ८ पदकं मिळाली. वडोदऱ्याचा दृष्टिहीन खेळाडू दर्पण इनानी याचं सुवर्ण त्यातलंच. आणि एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे कर्णबधिर खेळाडू पॅरा गेम्समध्ये नसतात. त्यांची डेफलिम्पिक्स वेगळी आहे, १९२४ पासून चालू आहे.

वर्ग म्हणजे काय, आणि ते हवेतच कशाला

आपल्याकडे गणपतीत मुलांची दौड असते. पहिलीतल्या पोरापासून दहावीतल्या दादापर्यंत सगळ्यांना एका रेषेत उभं केलं तर दरवर्षी दहावीतलाच जिंकणार, त्यात कोण चांगलं धावतं हे कधी कळणारच नाही. म्हणून आपण गट पाडतो, लहान गट, मधला गट, मोठा गट, आणि प्रत्येक गटाला पहिलं बक्षीस वेगळं. लहान गटातल्या पोराचं पहिलं बक्षीस काही उपकार म्हणून दिलेलं नसतं, त्याच्या बरोबरीच्यांत तो सगळ्यात जोरात धावला म्हणून मिळतं.

पॅरा खेळात गट वयाचे नसतात. शरीराच्या मर्यादेचा त्या विशिष्ट खेळावर किती परिणाम होतो यावरून ते पडतात. "त्या विशिष्ट खेळावर" हे शब्द महत्त्वाचे आहेत. एका पायाची अडचण धावण्यात फार मोठी, नेमबाजीत तेवढी नाही. म्हणून खेळ बदलला की वर्गही बदलतो. पोहण्यात तर फ्रीस्टाइलचा वर्ग वेगळा आणि ब्रेस्टस्ट्रोकचा वेगळा असू शकतो, कारण ब्रेस्टस्ट्रोकमध्ये पायांचं काम जास्त असतं.

आता ती अक्षरं. ॲथलेटिक्समध्ये टी म्हणजे धावणं आणि उड्या, एफ म्हणजे फेकीचे प्रकार. पुढचा आकडा दोन अंकी असतो. पहिला अंक मर्यादेचा प्रकार सांगतो: ११ ते १३ दृष्टीचे, २० बौद्धिक, तिशीतले आकडे सेरेब्रल पाल्सीसारख्या, म्हणजे स्नायूंवरचा ताबा बिघडणाऱ्या अवस्थांचे, ४० आणि ४१ कमी उंचीचे, त्यापुढचे चाळिशीतले हातापायांचे, पन्नाशीतले व्हीलचेअरवर शर्यत करणारे किंवा बसून फेकणारे, आणि साठीतले कृत्रिम पाय लावून खेळणारे. दुसरा अंक साधारण असं सांगतो की त्या प्रकारात अंक जितका लहान तितकी मर्यादा जास्त. म्हणजे टी ११ वाल्याला जवळजवळ काहीच दिसत नाही, तो डोळ्यांवर पट्टी लावून गाइड धावपटूबरोबर धावतो, आणि टी १३ वाल्याला थोडंफार दिसतं, तो एकटा धावतो. अंकुर धामानं हांगझोऊला टी ११ मध्ये १५०० आणि ५००० मीटर, दोन्ही सुवर्ण घेतली. पाच हजार मीटर म्हणजे स्टेडियमचे साडेबारा राउंड, डोळ्यांसमोर काळोख, गाइडच्या हातातल्या दोरीचं एक टोक आपल्या हातात, आणि दोघांची पावलं एका तालात पडली नाहीत तर शर्यत गेलीच.

प्राचीच्या के एल टू चंही तसंच. के म्हणजे कयाक, दोन्ही बाजूंनी वल्हं मारायची लांबट अरुंद नाव. के एल वन मध्ये जवळपास सगळा जोर हात आणि खांद्यांचा, के एल टू मध्ये हातांबरोबर कमरेवरच्या धडाचा थोडा उपयोग होतो, के एल थ्री मध्ये पायांचाही काही आधार मिळतो. अंतर सगळ्यांना २०० मीटर. प्राचीनं ते ५५ सेकंदांच्या आत संपवलं. व्ही एल म्हणजे व्हा नावाची दुसरी नाव, तिला बाजूला तोल सांभाळायला एक दांडा जोडलेला असतो आणि वल्हं एकाच बाजूनं मारायचं, त्यात तिचं रौप्य. प्राची आधी पोहायची, नंतर नावेकडे वळली, सराव भोपाळच्या तलावावर. टोकियो पॅरालिम्पिकमध्ये या खेळात उतरलेली ती पहिली भारतीय. तिचे पती मनीष कौरव यांनाही हांगझोऊत के एल थ्री मध्ये कांस्य मिळालं, म्हणजे एकाच घरात तीन पदकं, हे मला अजूनही फार भारी वाटतं.

क्लब थ्रो एकदा नीट बघा

वर्ग म्हणजे काय ते डोळ्यांनी बघायचं असेल तर एफ ५१ चा क्लब थ्रो बघा, व्हिडिओ सहज मिळतात. हा प्रकार फक्त पॅरा खेळातच आहे. एफ ५१ म्हणजे बसून फेकणाऱ्यांत सगळ्यात जास्त मर्यादा असलेला वर्ग. मानेच्या भागात मणक्याला इजा झालेली असते, पाय आणि पोटाचे स्नायू काम करत नाहीत, बोटांत पकड नसल्यात जमा. भाला किंवा गोळा यांच्या हातात राहणारच नाही, म्हणून ३९७ ग्रॅमचा बाटलीच्या आकाराचा लाकडी क्लब. खेळाडूला जमिनीशी घट्ट बांधलेल्या खुर्चीवर बसवतात, खुर्चीची उंची गादी धरून ७५ सेंटिमीटरच्या वर चालत नाही, मांड्या आणि कंबर पट्ट्यांनी आवळतात, कारण तोल सांभाळायला पोटात ताकदच नाही. मग क्लब बोटांच्या मध्ये अडकवून, कुणी पुढे तोंड करून तर कुणी चक्क पाठमोरं बसून डोक्यावरून, फेकतो.

प्रणव सुरमानं तो ३०.०१ मीटर लांब फेकला. धरमबीर २८.७६, अमितकुमार सरोहा २६.९३. तिन्ही पदकं भारताची. ज्याच्या बोटांत पेन नीट धरण्याइतकीही पकड नाही त्यानं एक वस्तू शंभर फुटांच्या जवळ फेकायची म्हणजे काय, विचार करून बघा. आणि याला जर दोन्ही हात धडधाकट असलेल्या एफ ५७ वाल्याबरोबर बसवलं असतं तर तो शेवटचा आला असता आणि आपण "बिचारा" म्हणून पुढे गेलो असतो.

हा वर्ग ठरवतं कोण?

खेळाडू स्वतः नाही, कोच नाही, देशही नाही. आंतरराष्ट्रीय पातळीवर प्रशिक्षित वर्गीकरण करणाऱ्यांचं पॅनल असतं, त्यात डॉक्टर किंवा फिजिओ आणि त्या खेळाची तांत्रिक माहिती असलेली माणसं. आधी मेडिकल कागद बघतात. मग बाकावर बसवून, झोपवून तपासणी: प्रत्येक स्नायूगटाला ० ते ५ गुण देतात, सांधा किती वळतो ते कोनमापकानं मोजतात, हातापायांची लांबी मोजतात. मग खेळायला लावतात, फेकून दाखव, पोहून दाखव. आणि खेळाडू नवा असेल तर पहिल्या प्रत्यक्ष स्पर्धेतही त्याच्यावर नजर ठेवतात, तपासणीत हात वर जात नव्हता आणि फायनलमध्ये बरोबर जातोय असं तर नाही ना.

शेवटी दोन गोष्टी हातात मिळतात, वर्ग आणि त्याचा दर्जा. दर्जा "पक्का" असेल तर सहसा परत तपासत नाहीत, "फेरतपासणी" असेल तर पुन्हा बोलावतात. लहान वयात किंवा आजार बदलता असेल तर फेरतपासणी हमखास. मग वर्ग बदलूही शकतो, आणि एका आकड्यानं वर्ग वर गेला की काल पदकात असलेला खेळाडू आज आठवा. पॅरा खेळाडूच्या आयुष्यात ही भीती कायम असते आणि यावर आपल्या बातम्यांत कुणी फार लिहीत नाही.

"पण आमच्याकडे सरकारी सर्टिफिकेट आहे ना?"

हा गैरसमज सगळ्यात जास्त, म्हणून जरा थांबून सांगतो. आपल्या २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व धरलंय आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर आरक्षण वगैरे फायदे मिळतात. पॅरा खेळात टक्केवारी चालत नाही. तिथे फक्त १० प्रकार ग्राह्य आहेत: स्नायूंची ताकद कमी असणं, सांध्याची हालचाल कमी असणं, अवयव नसणं, पायांच्या लांबीत फरक, कमी उंची, स्नायूंच्या ताब्याचे तीन प्रकार, दृष्टी आणि बौद्धिक. थॅलेसेमिया किंवा हिमोफिलिया कायद्याच्या यादीत आहेत, इथे नाहीत. आणि प्रकार बसला तरी प्रत्येक खेळाची एक किमान मर्यादा असते, तेवढा परिणाम नसेल तर "पात्र नाही" असं लिहून देतात. त्याचा अर्थ तुमचा त्रास खोटा आहे असा अजिबात नाही. त्या खेळात तुमच्या त्रासाचा परिणाम ठरवलेल्या रेषेपेक्षा कमी आहे, एवढाच अर्थ.

"मग यात गडबडी होत असतील की!"

होतात. जगात झाल्यात. २००० च्या सिडनी पॅरालिम्पिकमध्ये स्पेनच्या बौद्धिक दिव्यांगांच्या बास्केटबॉल संघात बहुतेक खेळाडू दिव्यांग नव्हतेच असं उघड झालं, सुवर्ण परत गेलं, आणि बौद्धिक दिव्यांगांचे प्रकार पुढे २०१२ पर्यंत पॅरालिम्पिकमधून बाहेर राहिले. काही जणांच्या लबाडीची शिक्षा जगभरातल्या प्रामाणिक खेळाडूंना झाली. आपल्याकडेही टोकियोत थाळीफेकीत विनोद कुमारला एफ ५२ मध्ये मिळालेलं कांस्य रद्द झालं, कारण फेरतपासणीत पॅनलला त्याला वर्ग देता आला नाही.

म्हणूनच आता नियम कडक आहेत. तपासणीत मुद्दाम कमी ताकद दाखवली असं सिद्ध झालं तर डोपिंगसारखीच बंदी येते. दुसरा देश विरोध नोंदवू शकतो, व्हिडिओ बघितले जातात. तरीही ही व्यवस्था माणसांच्या हातातली आहे, दोन वर्गांच्या सीमेवरच्या खेळाडूवर कधीकधी अन्याय होतो, हे मान्य केलंच पाहिजे. पण वर्गच नकोत असं म्हणाल तर मग सगळ्यात कमी मर्यादा असलेलेच जिंकत राहणार आणि प्रणवसारखा खेळाडू घरी बसणार.

पदकं जास्त, तरी कोरियाच्या खाली?

आता तालिकेकडे या. चीन पहिला, ५२१ पदकं, त्यात २१४ सुवर्ण, त्यांच्या जवळपासही कुणी नाही. इराण दुसरा, ४४ सुवर्ण, एकूण १३१. जपान तिसरा, ४२ सुवर्ण, एकूण १५०. कोरिया चौथा, ३० सुवर्ण, एकूण १०३. आणि भारत पाचवा, २९ सुवर्ण, एकूण १११.

म्हणजे क्रम एकूण पदकांवर लागत नाही, आधी सुवर्ण बघतात. सुवर्ण सारखी असतील तर रौप्य, तीही सारखी असतील तर कांस्य. आपण एका सुवर्णानं कोरियाच्या मागे राहिलो. आणि खाली बघा, इंडोनेशियाची सुवर्णही २९ च, पण रौप्य ३०, आपली ३१. एका रौप्यावर पाचवा नंबर टिकला! त्यामुळे "रौप्यच मिळालं" असं कुणी म्हणालं की मी त्याला ही ओळ दाखवतो.

आणखी एक आकडा बघा, ५१ कांस्य. आपली जवळजवळ निम्मी पदकं कांस्य आहेत. त्याचा अर्थ मी असा लावतो की पदकाच्या रांगेत पोचणारे खेळाडू आपल्याकडे आता भरपूर झालेत, त्यांना वरच्या दोन पायऱ्या चढायच्या आहेत. नागोयाला एकूण आकडा किती वाढतो यापेक्षा या ५१ पैकी किती जण वर सरकतात ते बघणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

तिघंच उतरले, तिघंही भारताचे, मग तिसऱ्याला काहीच नाही?

हा प्रसंग हांगझोऊत खरंच घडला. पुरुषांच्या टी ६३ उंच उडीत (टी ६३ म्हणजे एक पाय गुडघ्याच्या वरून नाही) मैदानात फक्त तीन खेळाडू होते, तिघंही भारतीय. शैलेश कुमार १.८२ मीटर, सुवर्ण. मरियप्पन थंगवेलू १.८०, रौप्य. तिसरा आपल्या शेजारच्या गुजरातचा रामसिंग पढियार, त्यानं १.७८ मीटर उडी मारली आणि त्याला कांस्य मिळालं नाही. कारण "वजा एक" नियम: थोडेच खेळाडू असतील तर जितके उतरले त्यापेक्षा एक पदक कमी द्यायचं. तीन उतरले तर दोनच पदकं. म्हणून क्लब थ्रोमध्ये तिघांना पदकं मिळाली, कारण तिथे चौथा खेळाडू सौदी अरेबियाचा होता, आणि उंच उडीत मिळाली नाहीत.

नियम बरोबर आहे, कुणालातरी हरवल्याशिवाय पदक नको हे तत्त्व योग्यच. पण एका पायावर १.७८ मीटर म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांच्या उंचीपेक्षा जास्त, ती उडी मारून रिकाम्या हातानं परत येणं काय असेल. दुसऱ्या देशांनी त्या वर्गात खेळाडूच पाठवले नाहीत यात त्याचा काय दोष.

यातूनच पुढचा आक्षेप येतो.

"इतके वर्ग, इतके कमी स्पर्धक, मग पदक सोपंच की"

थोडं खरं आहे, आणि ते लपवायची गरज नाही. काही वर्गांत आशियात मोजकेच खेळाडू आहेत. म्हणून आयोजक कधीकधी शेजारचे दोन-तीन वर्ग एकत्र करतात, आणि मग जास्त मर्यादा असलेल्याचं नुकसान होऊ नये म्हणून काही वेळा अंतराऐवजी गुणांचा तक्ता वापरतात, तेव्हा कमी फेकलेला पहिला आलेला दिसेल, ती चूक नसते.

पण सगळ्यांना एका मापानं मोजू नका. सुमित अंतिलनं एफ ६४ मध्ये हांगझोऊला ७३.२९ मीटर भाला फेकला, तो विश्वविक्रम होता. टोकियोत त्यानं सुवर्ण घेतलं ते ६८.५५ वर, म्हणजे दोन वर्षांत पावणेपाच मीटर पुढे. गुडघ्याखाली कृत्रिम पाय, आणि भाला फेकताना पूर्ण वेगात येऊन पुढचा पाय जमिनीत रोवायचा असतो. सांगलीकडचा सचिन खिलारी, गोळाफेकीत एफ ४६ मध्ये १६.०३ मीटर आणि सुवर्ण. पुढच्याच वर्षी पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये, म्हणजे सगळ्या जगासमोर, १६.३२ मीटर आणि रौप्य. सीहोरचा कपिल परमार, हांगझोऊला ज्युडोत रौप्य आणि पॅरिसला कांस्य, भारताचं पॅरालिम्पिकमधलं ज्युडोतलं पहिलं पदक. आशियात सोपं होतं म्हणून मिळालं असतं तर जगात टिकले नसते.

"पॅरावाल्यांनी नॉर्मल खेळाडूंना मागे टाकलं"?

हा मेसेज तेव्हा खूप फिरला. त्याच हांगझोऊत आधी झालेल्या एशियाडमध्ये भारताला १०७ पदकं मिळाली होती, तीही विक्रमीच, आणि पॅरा गेम्समध्ये १११. एशियाडला साडेसहाशेच्या वर खेळाडू गेले, पॅरा गेम्सला ३०३. आकडे बरोबर, पण तुलना चुकीची. एशियाडमध्ये ४८१ स्पर्धा होत्या, पॅरा गेम्समध्ये साडेपाचशेच्या वर, कारण तेच वर्ग. गणपतीत गट वाढवले की बक्षिसंही वाढणारच. दोन्ही संघांनी आपापल्या ठिकाणी इतिहास केला, एकाचं कौतुक करायला दुसऱ्याला कमी लेखायचं काय कारण? आणि तो "नॉर्मल" शब्दही सोडून द्या, प्लीज.

खरी तुलना पॅरा गेम्सची पॅरा गेम्सशी. २०१० ला १४ पदकं, त्यात सुवर्ण फक्त एक. २०१४ ला ३३. २०१८ ला जकार्तात ७२. आणि मग १११. तेरा वर्षांत आठपट.

मग हे झालं कसं

एक कारण सरळ आहे, एवढा मोठा संघ आधी कधी गेलाच नव्हता. पण संघ मोठा झाला कारण खेळाडू तयार झाले, आणि ते आपोआप झाले नाहीत. २०१५ मध्ये परिस्थिती अशी होती की आंतरराष्ट्रीय समितीनं भारतीय पॅरालिम्पिक समितीला निलंबित केलं होतं. तिथून पुढे बराच बदल झाला. केंद्र सरकारच्या टॉप्स योजनेत पॅरा खेळाडूही आले, म्हणजे परदेशी स्पर्धा, साहित्य आणि महिन्याचा भत्ता. आणि परदेशी स्पर्धा यात फार महत्त्वाची, कारण आंतरराष्ट्रीय वर्ग तिथेच मिळतो, वर्ग नसेल तर कितीही चांगले असा, नोंदच होत नाही. लखनौला गौरव खन्ना यांनी पॅरा बॅडमिंटनची पिढीच उभी केली, हांगझोऊत बॅडमिंटनची २१ पदकं आली. कटऱ्याला माता वैष्णोदेवी संस्थानच्या तिरंदाजी अकादमीतून शीतल देवी आली, जन्मतः दोन्ही हात नाहीत, उजव्या पायानं धनुष्य धरते आणि खांदा आणि जबड्याच्या जोरावर बाण सोडते. सोळा वर्षांची होती, दोन सुवर्ण आणि एक रौप्य घेऊन आली.

आणि शंभरावं पदक कुणाचं? नाशिक जिल्ह्यातल्या दिलीप गावितचं, ४०० मीटर, टी ४७, सुवर्ण.

कुठे कमी पडतोय

१११ पैकी ५५ पदकं एकट्या ॲथलेटिक्सची. त्यात बॅडमिंटन मिळवलं की ७६. बाकी सगळे खेळ मिळून ३५. पोहण्यात पदकांचा ढीग असतो, चीन तिथून भरभरून नेतो, आणि आपल्या हाती तिथे फार थोडं लागतं. वाईट याचं वाटतं की भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण पोहण्यातलंच, आपल्या सांगलीच्या मुरलीकांत पेटकरांचं, १९७२ साली हायडेलबर्गला, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेल्या या जवानानं ५० मीटरमध्ये मिळवलेलं. पण दिव्यांग माणूस व्हीलचेअरवरून उतरून पाण्यात जाऊ शकेल असे तलाव गावोगावी कुठे आहेत? भाला फेकायला मोकळं मैदान पुरतं.

दुसरं, ३०३ मध्ये मुली आणि बायका ११२. आणि तिसरं, जास्त मर्यादा असलेले वर्ग. तिथे खेळाडूबरोबर मदतनीस लागतो, खास खुर्ची लागते, गाडी लागते, खर्च वाढतो, म्हणून त्या वर्गांत गरिबाघरचं मूल पोचणं अजूनही फार कठीण आहे.

आपल्या घरात असं मूल असेल तर

आमच्या शेजारच्या वहिनींची मुलगी नवव्या वर्षात आहे, सेरेब्रल पाल्सी आहे, चालते पण डावी बाजू ओढते. शाळेत खेळाच्या तासाला तिला कट्ट्यावर बसवतात आणि हातात वही देतात, "तू स्कोअर लिही." ती लिहिते बिचारी, आणि घरी येऊन कोण कसं आउट झालं ते सगळं सांगते. प्राचीच्या बातम्या बघून वहिनींनी मला विचारलं, "भावजी, आमच्या सोनूला यात काही करता येईल का हो?" म्हणून हे शेवटचं, जरा नीट.

सेरेब्रल पाल्सी दहा प्रकारांत बसते. ॲथलेटिक्समध्ये ३५ ते ३८ हे उभं राहून खेळणाऱ्यांचे वर्ग, अर्धं शरीर प्रभावित असलेल्यांचा साधारण ३७. पण नवव्या वर्षी वर्गाच्या मागे लागू नका, वाढत्या वयात तो बदलणारच. आधी दोन-तीन खेळ करू द्या, पोहणं त्यात असलं तर उत्तम, पाण्यात शरीराचा भार हलका होतो. डॉक्टर आणि फिजिओला विचारून. मेडिकल कागद जन्मापासूनचे सगळे एका फाइलमध्ये ठेवा, पुढे वर्गीकरणाच्या वेळी निदानाचे कागद मागतात आणि तेव्हा शोधाशोध होते. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढून ठेवा, त्यानं वर्ग मिळत नाही पण सरकारी योजनांना लागतं. नंतर राज्याच्या पॅरा संघटनेतून राज्य स्पर्धा, तिथून राष्ट्रीय, तिथे राष्ट्रीय पातळीचा वर्ग मिळतो, आणि तिथली कामगिरी चांगली झाली तर आंतरराष्ट्रीय स्पर्धा आणि पक्का वर्ग.

आणि ग्वाल्हेरवाल्यांना एक सोय आहे जी बाकी बहुतेक शहरांना नाही. दिव्यांग खेळाडूंसाठी खास बांधलेलं अटलबिहारी वाजपेयींच्या नावाचं प्रशिक्षण केंद्र आपल्याच गावात आहे, २०१९ ला मंजुरी मिळाली होती, २०२३ ला सुरू झालं. शारीरिक शिक्षणाची लक्ष्मीबाई राष्ट्रीय संस्था तर १९५७ पासून इथे आहे. एवढं सगळं रिक्षाच्या अंतरावर असताना विचारायला जायला काय हरकत आहे? वहिनींना मी म्हटलंय, सुट्टीच्या दिवशी सोनूला घेऊन जाऊ, आधी नुसतं बघून येऊ, तिथल्या कोचला भेटू आणि तिचं काय काय होऊ शकतं ते तिच्यासमोरच विचारू. फाइल तेवढी बरोबर घ्या.